माझं इंग्रजी आणि कंवर साबांची वेबसाइट

मला राग आला की तो जात नाही. आई म्हणते, हिचा राग लोणच्यासारखा मुरत जातो. त्याची तिला काळजी वाटते, मला वाटत नाही. कुणी कधी काय बोललं, कुणासमोर बोललं आणि तेव्हा कोण हसलं, हे सगळं माझ्या लक्षात असतं.

वडील रेल्वेत होते. बदली होऊन वर्ध्याहून जयपूरला आले आणि इथलेच झाले. मी इथल्याच रेल्वे कॉलनीत वाढले, हिंदी शाळेत शिकले, पुढे इंग्रजीत एम.ए. केलं. गेली कित्येक वर्षं मी राजा पार्कातल्या एका पेढीचा पत्रव्यवहार सांभाळते. जयपूरजवळच्या बगरूला लाकडी ठशांनी छापलेल्या चादरी, रजया, टेबलक्लॉथ आम्ही परदेशी पाठवतो. सेठजींना कापड हाताने चाचपून कळतं, पण इंग्रजी येत नाही. मला इंग्रजी येतं. कामाची वाटणी इतकी सरळ होती आणि त्यात कुणाची काही तक्रार नव्हती.

आमच्या गिऱ्हाइकांत बेल्जियममधल्या एका लहान गावात दुकान चालवणाऱ्या बाई होत्या. वयस्कर, शिस्तीच्या. अनोळखी नंबरचा फोन उचलायच्या नाहीत, व्हॉट्सअ‍ॅप त्यांच्याकडे नव्हतंच. जे काय ते मेलवर. दिवाळीनंतर मी त्यांना नवीन नमुन्यांबद्दल लिहायचे. या खेपेला निळा रंग जरा गडद उतरलाय, खिडकीजवळ ठेवू नका, वगैरे. मग त्यांचं उत्तर यायचं, त्यात आधी गुडघेदुखी आणि मग ऑर्डर. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांच्या डाव्या गुडघ्याची मला घरच्यासारखी माहिती होती.

मग सेठजींचे जावई पेढीत आले. दिल्लीची नोकरी सोडून आले होते. जयपूरकडे जावयाला कंवर साब म्हणतात आणि नुसतं म्हणत नाहीत, तसं वागवतातही. ते ऑफिसात शिरले की सेठजी स्वतः खुर्चीतून उठत. एकुलत्या एका मुलीचा नवरा. त्याची चूक काढणं म्हणजे मुलीच्या संसारात माती कालवणं, अशी सेठजींची पक्की समजूत.

कंवर साबांनी पहिल्या महिन्यातच नवी वेबसाइट केली. उघडली की मोर नाचायचा आणि सारंगी वाजायची. जुन्या कंपनीकडून सगळा कारभार उचलून त्यांनी नव्या कंपनीकडे नेला. दिवाळीला कुठूनतरी हजारो परदेशी पत्ते विकत आणले आणि त्या सगळ्यांना पेढीच्या नावाने सजवलेल्या हत्तीच्या चित्राच्या शुभेच्छा मेलने पाठवल्या. ज्यांना पाठवल्या त्यांनी आमचं नाव उभ्या जन्मात ऐकलेलं नव्हतं.

त्या वर्षी बेल्जियमच्या बाईंचं उत्तर आलं नाही. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा नाही. मेल परतही येत नव्हती, त्यामुळे ती पोहोचली असंच सगळे धरून चालले. सेठजी अस्वस्थ झाले. एका सकाळी कंवर साबांनी माझ्या जुन्या मेल मोठ्या पडद्यावर उघडल्या आणि हिशेबनीस, पॅकिंगवाले, चहावाला अशा सगळ्यांच्या देखत एका ओळीवर बोट ठेवलं.

"काइंडली डू द नीडफुल," त्यांनी मोठ्याने वाचलं. "पापाजी, ये क्लर्कवाली इंग्लिश है. विदेश में लोग हँसते हैं इस पर. मैडम नाराज़ हो गई होंगी."

हिशेबनीस हसला. त्याला त्या वाक्यात काय वाईट आहे हे आजही माहीत नाही, पण तो हसला, आणि ते मी विसरलेले नाही.

सेठजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "मैडमजी, कुछ दिन सैंपल देख लो आप."

अशी मी मागच्या खोलीत गेले. कापडाच्या तुकड्यांना चिठ्ठ्या टाचायच्या, एवढंच काम. माझ्या टेबलावर कंवर साब बसले. उचलला नाही तर नाही, पण एकदा तरी फोन करून बघा, असं मी सेठजींना सुचवलं. त्यावर कंवर साब म्हणाले, रुसलेल्या गिऱ्हाइकाला फोन करणं अनप्रोफेशनल असतं. आणि मेल जातात की नाही हे तपासायला त्यांनी काय केलं, तर समोरच्या टेबलावरच्या हिशेबनिसाला मेल पाठवली. "आ गई?" "आ गई, कंवर साब." झाली तपासणी. एकाच पेढीच्या सर्व्हरवरून त्याच सर्व्हरवर गेलेली मेल येणार नाही तर जाईल कुठे?

त्यांच्याही पत्रांना उत्तर येईना. मला आनंद झाला, उगाच कशाला लपवू. टाचण्या मारता मारता मी मनात गुणगुणत असे. पण एके दिवशी सेठजी कुणाला तरी फोनवर सांगताना ऐकलं, "मैडमजी ने जो बिगाड़ा है, सुधरने में टाइम तो लगेगा." म्हणजे कंवर साबांचं अपयशही माझ्याच खात्यावर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवशी ठरवलं की माझं टेबल मला परत पाहिजे, आणि चूक माझ्या इंग्रजीची नव्हती हे त्याच ऑफिसात, सगळ्यांसमोर बोललं गेलं पाहिजे.

आता डोकं चालवायला लागले. फक्त बेल्जियम नव्हे, डेन्मार्कचा आणि फ्रान्सचा माणूसही गप्प होता. माझ्या इंग्रजीचा सगळ्या युरोपला एकाच महिन्यात राग कसा येईल? देशातला धंदा फोनवर चालायचा, म्हणून तिकडे काही जाणवत नव्हतं. मला परदेशातली अशी एक मेलपेटी हवी होती, जिची मालकीण मला खरं सांगेल.

अशी एकच होती, माझी नणंद. नेदरलँड्समध्ये राहते. आणि तिच्याशी मी बोलत नव्हते.

तिच्या साखरपुड्यात, पुण्याच्या सासरच्या मंडळींसमोर ती म्हणाली होती, "वहिनींचं मराठी ऐकायला सबटायटल लागतात." मी "मतलब" आणि "भैया" म्हणते म्हणून. सगळा मांडव हसला होता. त्या रागात मी हट्टाने मराठी पुस्तकं मागवून वाचली, आणि आज जे काही मराठी लिहिते आहे ते त्या रागाची कमाई आहे. तिला क्षमा करायचा माझा इरादा नव्हता. पण एक सूड घ्यायचा तर दुसरा बाजूला ठेवावा लागणार होता. दोन दिवस जड गेले. मग गोपालपुऱ्यातल्या आमच्या घराच्या गच्चीवर जाऊन फोन लावला. खालच्या हॉस्टेलमधली मुलं मोठमोठ्याने सूत्रं पाठ करत होती.

"ताई, एक काम होतं," मी म्हटलं.

ती मग म्हणाली, "वहिनी, तुम्ही फोन केलात म्हणजे कुणाचं तरी काही खरं नाही. सांगा."

हे वाक्य मला आवडलं, कबूल करते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी पेढीच्या पत्त्यावरून तिला मेल पाठवली. आली नाही. स्पॅम बघायला सांगितलं.

"अगं बाई, इथे पडलीय. वर लाल पट्टी आहे, सावध राहा म्हणतेय."

तोच मजकूर माझ्या घरच्या पत्त्यावरून पाठवला. सरळ इनबॉक्समध्ये गेला. मग मी तिसरी मेल पाठवली. पेढीच्या पत्त्यावरून, विषय नाही, नमस्कार नाही, आत फक्त एक टिंब.

"वहिनी, हे काय आहे? नुसतं टिंब?"

"कुठे पडलंय?"

"स्पॅममध्येच."

टिंबाचं तर इंग्रजी चुकत नाही ना. मी नमुन्यांच्या गठ्ठ्यावर बसून खदाखदा हसले.

मग तिने मेलच्या मागचा मजकूर उघडून फोटो पाठवला. प्रत्येक मेलच्या मागे अशा ओळी असतात, वाटेत कुठे काय तपासलं गेलं ते त्यात दिसतं. तिथे दोन ठिकाणी "फेल" लिहिलेलं होतं. मी वाचत बसले, शोधलं, आणि भानगड कळली. आपल्या नावाने मेल पाठवायचा अधिकार कोणत्या सर्व्हरला आहे, याची नोंद पेढीच्या डोमेनवर करून ठेवावी लागते. मेल घेणारा सर्व्हर आधी ती नोंद बघतो. कंवर साबांनी कारभार नव्या कंपनीकडे नेला तेव्हा ती नोंद न्यायची राहिली. त्यामुळे परदेशी सर्व्हरच्या लेखी आम्ही आमचंच नाव लावून फिरणारे भामटे होतो. त्यावर हत्तीच्या शुभेच्छांची फोडणी. हजारो अनोळखी लोकांपैकी कितीजणांनी आम्हाला स्पॅम ठरवलं असेल, देव जाणे.

मी हे सगळं सेठजींना कंवर साबांसमोर हिंदीत सांगितलं.

सेठजींनी ऐकून घेतलं. "मतलब मशीन की गड़बड़ थी."

"मशीन की नहीं, सेठजी. वेबसाइट बदलते वक़्त..."

"हाँ हाँ. मशीन की." त्यांनी हात असा हलवला की मी पुढे बोलूच शकले नाही. कंवर साब मोबाइलमध्ये बघत होते.

नोंद मात्र त्यांनी गुपचूप करून घेतली. मी नणंदेकडून रोज खात्री करत राहिले. बिघडलेलं नाव सावरायला वेळ लागतो, काही आठवडे गेले आणि एक दिवस ती म्हणाली, "वहिनी, इनबॉक्समध्ये आली." आणि त्याच आठवड्यात बेल्जियमच्या बाईंना आमची पहिली मेल मिळाली. ती अर्थातच कंवर साबांची होती, कारण टेबल त्यांच्याकडे होतं. बाईंनी लगेच उत्तर दिलं, हिवाळ्यात भारतात येते आहे म्हणून.

"देखा?" सेठजी सगळ्यांना म्हणाले. "ढंग की इंग्लिश का असर."

मावा कचोरी वाटली गेली. मलाही दिली. वाट मी मोकळी करायची आणि वरात यांची निघायची! मी ती कचोरी शेवटच्या तुकड्यापर्यंत, एकेक घास चावून खाल्ली आणि कंवर साबांकडे बघत राहिले. त्यांनी नजर चुकवली. तेव्हाच मला कळलं की या माणसाला सगळं ठाऊक आहे.

बाई आल्या. उंच, काठी टेकत. ऑफिसात मधोमध बसवलं, सेठजी एका बाजूला, कंवर साब दुसऱ्या. मला नमुने घेऊन बोलावलं. मी कापडाची घडी उलगडत होते तेवढ्यात बाईंनी विचारलं, मला निळ्या रंगाबद्दल लिहायच्या त्या बाई कुठे आहेत?

"मीच ती," मी इंग्रजीत म्हटलं. "डावा गुडघा कसा आहे?"

त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, मला वाटलं तुम्ही मला विसरलात. इतके महिने एक ओळ नाही.

खोलीत हिशेबनीस होता, पॅकिंगवाले होते, चहावाला पेले मांडत होता. मी सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. विसरले नव्हते, लिहीत होते. आमच्या सेठजींच्या या जावयांनी वेबसाइट हलवली तेव्हा मेलची नोंद लावायची राहिली, आणि शिवाय अनोळखी लोकांना शुभेच्छा पाठवल्या, म्हणून आमची सगळी पत्रं तुमच्या स्पॅममध्ये गेली. आता ते दुरुस्त झालं आहे. आवाज चढवला नाही. कंवर साबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बाई त्यांच्याकडे वळून हसल्या आणि म्हणाल्या, तुमच्या सासऱ्यांना सांगा, चूक लपवत नाहीत अशा माणसांशी धंदा करायला मला आवडतं.

"क्या कह रही हैं?" सेठजींनी मला विचारलं.

"कंवर साब बताएँगे," मी म्हटलं. "उन्हीं से कहा है."

कंवर साबांनी घसा खाकरला. "पापाजी, वो सर्वर का..."

"सर्वर तो मैडम ने बोला ही नहीं," मी म्हटलं. "जो बोला है, वही बता दीजिए."

बाई त्यांच्या तोंडाकडे बघत वाट पाहत होत्या. काठीवर दोन्ही हात ठेवून, कौतुकाने.

"कह रही हैं," कंवर साब म्हणाले, "कि जो अपनी गलती नहीं छुपाते, उनके साथ काम करना अच्छा लगता है."

"कैसी गलती?" सेठजींनी विचारलं. "किसकी?"

चहावाल्याचा हात थांबला. मी घडी उलगडणं थांबवलं नाही, पण कान तिकडेच होते.

"मेरी, पापाजी," कंवर साब म्हणाले. "मेल मेरी वजह से नहीं पहुँच रही थी. इनकी इंग्लिश ठीक थी."

सेठजींनी जावयाकडे पाहिलं नाही. त्यांची मान खाली गेली होती. मला त्यांची दया यायला हवी होती, ती आली नाही. ते म्हणाले, "मैडमजी, कल से मेल आप ही देखो."

"कल से नहीं, सेठजी," मी म्हटलं. "अभी से."

आणि कंवर साब आपली बॅग उचलून उठेपर्यंत मी त्यांच्या खुर्चीच्या मागे उभी राहिले.