कपाशीच्या फुलातली मधमाशी

सकाळच्या फोटोवर सगळे विचारतायत, "मधमाशी इतकी स्थिर कशी मिळाली?" म्हणून हे लिहितोय.

सोनगीरजवळ माझ्या काकांची, नानांची, कपाशी आहे. मॅक्रो लेन्सने फोकस होईपर्यंत मधमाशी हमखास उडून जाते. आजची मात्र पिवळ्या फुलात बसूनच होती. एकेक केस स्पष्ट आला. खुशीत तिथूनच फोटो टाकला.

आणखी जवळ गेलो. लेन्स पाकळीला टेकली, तरी ती हलली नाही.

तेवढ्यात नाना बांधावरून ओरडले, "दूर व्हय रे पोऱ्या, कालच फवारणी करेल शे!"

त्यांना फोटो दाखवला. त्यांनी डोळ्यांजवळ धरून बघितला.

"इतला बारीक केस ऱ्हातस इले?" एवढंच म्हणाले.

मग पंप पाठीवर घेतला. अर्धं वावर अजून बाकी होतं.