नऊ वर्षांचा नवा सेट

बारकी ही माझी सख्खी धाकटी बहीण, आणि गोल्ड प्लेटेड दागिने सांभाळण्यात तिचा हात धरणारं माणूस मी अजून बघितलेलं नाही. भाऊ नसतो तरी हेच सांगितलं असतं. आमच्या घरात हाताला गुणच आहे तसा. मी सातवीत शाळा सोडली, पण बंद पडलेल्या जनरेटरला नुसता कान लावून बिघाड सांगतो, आणि लग्नाच्या हॉलांना दिवे लावायचे म्हटलं की लोक आधी मलाच विचारतात. पण माझं राहू दे. गोष्ट बारकीची आहे.

बारकीचं लग्न झालं आणि तीन वर्षांत ती परत आली. का आली ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. अंगावर सोनं गुंजभर नव्हतं. हातात मुलाम्याच्या चार बांगड्या, बस. बायका त्या बांगड्यांकडे बघून विचारायच्या, केवढ्याच्या गं? बारकी खरं काय ते सांगायची, तर कुणाचा विश्वास बसायचा नाही. असल्या बांगड्या सहा महिन्यांत काळ्या पडतात हे शेंबड्या पोरालाही माहीत. हिच्या तीन वर्षं होत्या तशाच होत्या.

बाजाराच्या मागच्या गल्लीत लग्नाचे दागिने भाड्यानं देणारं एक दुकान आहे. नवरीचे सेट, साखळ्या, अंगठ्या, सगळा मुलाम्याचा माल. बारकी तिथं वहिनीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, कानातल्याचा तुटलेला हुक बसवून घ्यायला गेली. मालकानं कानातल्याच्या आधी तिच्या मनगटाकडे बघितलं आणि विचारलं, बांगड्या कशानं धुता? ती म्हणाली, धुतच नाही, पुसते. दुसऱ्या दिवसापासून ती त्याच्याकडे कामाला. त्याला आता बावीस वर्षं झाली.

बावीस वर्षं म्हणजे दुकानामागची एक खोली, खाट मावेल एवढी. एक खिडकी, तिच्याखाली टेबल, टेबलावर पांढरं कापड, बारीकसा खडा घरंगळला तरी दिसावा म्हणून. भाड्यानं गेलेला सेट परत आला की आधी बारकीसमोर यायचा. धुऊन धुऊन मऊ पडलेल्या मलमलीचे तुकडे करून ठेवलेले असायचे. त्यानं ती एकेक कडी टिपायची. टिपायची हं, घासायची नाही. पावडर फटीत बसली असेल तर तोंडाला रंग लावायचा मऊ ब्रश. अगदीच मळला असेल तर कोमट पाणी आणि लहान मुलांच्या साबणाचे दोन थेंब, तेही खडे चिकटवलेत तिथं नाही. मग पंख्याखाली वाळवायचा, उन्हात कधीच नाही. प्रत्येक वस्तू वेगळ्या कापसात, वेगळ्या पिशवीत, पिशवीत ओल शोषून घ्यायला खडूचा तुकडा. हे सगळं त्याच दिवशी. ती म्हणायची, घामाला एक रात्र दिली की तो मुलामा खाऊन टाकतो.

भाड्यानं नेणाऱ्यांना तिचं एकच सांगणं असायचं, सगळ्यात शेवटी घाला आणि सगळ्यात आधी काढा. अत्तर, पावडर, जे काय असेल ते आधी, ते वाळू दे, मग दागिना. बायका तिला विचारायच्या की आम्ही सोनं टूथपेस्टनं घासतो, हे का नाही घासायचं? तेव्हा मात्र ती तोंड उघडायची.

"सोनं मार खातं. ही नुसती वरची कातडी आहे. कातडी घासतात का कुणी?"

घरीसुद्धा तिचा तोच कडक कारभार. कधी एखादं पदक दुरुस्तीला घरी आणायची, खाली चटईवर कापड पसरून बसायची. मी कौतुकानं हात पुढं केला की म्हणायची, "दादा, हात लावू नकोस, तुझ्या हाताला घाम असतो." आता माणूस कष्ट करतो तर घाम येणारच. पण घरात तो विनोदच होऊन बसला. मी पातेल्यात दुसऱ्यांदा हात घातला की बायको म्हणायची, हात लावू नका, घाम असतो. आणि दोघी पदर तोंडाला लावून हसायच्या.

आता मालकाची एक खोड सांगायला हवी. त्याच्याकडे "नवा सेट" म्हणून एक प्रकार होता. पहिल्यांदाच तुमच्याच नवरीच्या गळ्यात, भाडं दुप्पट. खरं तर वर्षानुवर्षं तो नवा माल घेतच नव्हता. जुना सेट बारकीकडे द्यायचा, दोन दिवस मागायचा, आणि तिसऱ्या दिवशी तो नवा कोरा होऊन बाहेर. बारकीला ते पटत नव्हतं. तिनं एकदा बोलून दाखवलं. मालक म्हणाला, बोलायचं मला आहे, तुला कुठं बोलायचंय? मग ती बोलली नाही. पण तिची एक सवय होती. प्रत्येक डब्यात, कापसाखाली, ती एक चिठ्ठी ठेवायची. सेट कधी आला, कोणत्या तारखांना बाहेर गेला, कुठला खडा बसवला, मुलामा पुन्हा कधी चढवला. मालकानं सांगितलं की नव्या म्हणून जाणाऱ्या सेटातल्या चिठ्ठ्या काढ. हिनं काढल्या नाहीत, खालच्या कापसाच्याही खाली सरकवल्या. हे तिनं आम्हाला जेवताना हसत हसत सांगितलं. डॉक्टर पेशंटचा कागद फेकून देतो का, म्हणाली. मी ऐकलं आणि मला काय अभिमान वाटला.

यंदा मालकाचे गुडघे गेले. मुलांना दुकानात रस नाही. बारकीनं धीर करून विचारलं आणि मालक कबूल झाला, एक तारखेपासून दुकानाची पुढची खिडकी तिची. लोकांनी घरचे दागिने आणायचे, तिनं निगा करून द्यायची, कमाई निम्मी निम्मी. बावीस वर्षांनी ती रस्त्याकडे तोंड करून बसणार होती. पाटी मी करवून घेतली, माझ्या ओळखीच्या पेंटरकडून, आणि वर लावायला छोटा दिवासुद्धा आणून ठेवला. पाटी घरी कपाटामागं, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली. बारकी रोज संध्याकाळी कागद जरासा बाजूला करून बघायची आणि परत नीट लावायची. आठ दिवस राहिले होते.

त्या दिवशी दुपारचं लग्न होतं, मोठा हॉल, दिवे माझे. नवरी मंचावर आली आणि गळ्यातला सेट असा काही पेटला की लोक माना वळवून बघायला लागले. मी ओळखला. पाच पदरांचा, खाली पानांची झालर. त्यातलं तिसरं पान बारकीनं आमच्या चटईवर बसून जोडलेलं. नवरीची आत्या रिकामा डबा मांडीवर घेऊन येईल त्याला सांगत होती, नवा कोरा आहे, आमच्यासमोर डबा फोडला. तेवढ्यात नवरीचे वडील माझ्याजवळ आले. दिवे छान लावलेत म्हणाले. मी म्हटलं, दागिना उठून दिसतोय. ते म्हणाले, दिसणारच, नवा आहे ना.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण जिभेला हाड नाही. बावीस वर्षं जिनं डोळ्यात तेल घालून हे केलं, तिचं श्रेय नवेपणाला जाताना मला ऐकवलं नाही.

"साहेब, नवा कसला? नऊ वर्षांचा आहे. ही चमक माझ्या बहिणीच्या हातची आहे."

ते हसले. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. आणि मला कुणी हसलेलं सहन होत नाही, पहिल्यापासून नाही. मी म्हटलं, हातच्या काकणाला आरसा कशाला, डब्यातला खालचा कापूस उचला. आत्यानं उचलला. चिठ्ठी निघाली. तिनं ती मोठ्यानं वाचायला घेतली, मग वाचता वाचता आवाज खाली गेला आणि ती बोटांवर मोजायला लागली.

"एक्केचाळीस जणींच्या गळ्यातला?" ती म्हणाली.

मंचावर नवरीनं गळ्याला हात लावला. मी अजून हसतच होतो. मला वाटत होतं, आता हे लोक थक्क होणार आणि विचारणार, कोण हो ही तुमची बहीण?

जेवणं उरकल्यावर मी आनंदात घरी आलो. बायकोला सगळं रंगवून सांगितलं, आज भरल्या हॉलात बारकीचं नाव काढलं म्हणून. बायकोचा चेहरा उतरत गेला तसा मी आणखी जोरात सांगायला लागलो. मागं बघतो तर दारात बारकी उभी. एरवी ती सातशिवाय येत नाही, तेव्हा पाच वाजले होते. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं,

"दादा, त्यांनी माझं नाव विचारलं का?"

मी म्हटलं, नाही.

"बरं," म्हणाली, आणि चपला काढून आत आली.

पुढचं तिनं वहिनीला सांगितलं, मी नुसता ऐकत होतो. नवरीचे वडील चिठ्ठी हातात घेऊन दुकानात आले होते. चार गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यासमोर त्यांनी मालकाचे वाभाडे काढले आणि भाडं परत घेऊन गेले. मालकानं बारकीला पुढं बोलावून विचारलं, चिठ्ठीचं बाहेर कुणी सांगितलं? तिला कुणाचंही नाव घेता आलं असतं. ती म्हणाली, मीच घरी सांगितलं होतं. मालक म्हणाला, खिडकीचं विसर आणि उद्यापासून येऊ नकोस. तिनं मलमलीच्या घड्या केल्या, टेबलावर ठेवल्या, आणि चालत घरी आली.

मी उठलो. म्हटलं, त्या चोराचं शटर तोडून येतो. ती म्हणाली, बस. मी बसलो. आयुष्यात मी कुणाची माफी मागितलेली नाही, आणि त्या संध्याकाळीही मागितली नाही. मालक लबाड आहे, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो. आपलेच दात आपलेच ओठ, दुसरं काय. बारकीनं त्या दिवशी कपाटामागचा कागद बाजूला केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दाराशी स्कूटर थांबली. मालक, काखेत तोच डबा. लग्नवाल्यांनी सेट रागानं तसाच कोंबून पाठवला होता, न पुसता, घाम आणि अत्तरासकट, आणि तो रात्रभर तसाच पडला होता. मानेकडच्या कड्या काळ्या पडत चालल्या होत्या. परवा तो दुसऱ्या लग्नाला जायचा होता. मालक माझ्याकडे न बघता म्हणाला, एवढा एकच पुसून दे. मी जे बोललो ते इथं लिहिता येणार नाही. बारकीनं हात धुतले, कोरडे केले, आणि खिडकीखाली चटईवर पांढरं कापड पसरलं.

तासभर ती टिपत होती. मालक उंबऱ्यापाशी खुर्चीवर बसून होता. बायकोनं त्याला पाणीसुद्धा दिलं नाही. बहुतेक काळं उतरलं. दोन कड्यांशी ती थांबली आणि सेट उचलून त्याला दाखवला.

"इथं तांबं दिसायला लागलंय. पुढं घासलं तर सगळंच जाईल."

"नवा म्हणून जाईल का?" मालकानं विचारलं.

"जुना म्हणून द्या. जुना म्हणून अजून चार वर्षं जाईल."

तिनं सेट कापसात ठेवला, खडूचा नवा तुकडा टाकला, झाकण लावलं. चिठ्ठी लिहिली नाही. खिडकीचं त्यानं काढलं नाही, तिनं विचारलं नाही. डबा चटईवर होता आणि मालकाला गुडघ्यांमुळे वाकता येत नव्हतं. मीच वाकलो, उचलून द्यावा म्हणून.

"दादा, हात लावू नकोस."

माझी बायको तिथंच उभी होती. ती हसली नाही. बारकी उठली, डबा दोन्ही हातांत धरून उंबऱ्यापर्यंत गेली आणि मालकाच्या हातात देऊन आली.