शालिनीताईंचा रेट

मी शालिनीताईंचं काम पळवलं होतं. आमची ओळख तिथून सुरू झाली.

आज सकाळी ताई गेल्या. नागपुरात हुडकेश्वरला त्यांना निरोप देऊन आत्ताच पारशिवनीला घरी आले. लिहिल्याशिवाय राहवेना.

ताई माझ्या नात्यातल्या नव्हत्या.
आम्ही दोघी घरी बसून मराठी व्हॉइसओव्हर करायचो. कंपन्यांच्या व्हिडिओत मागे एक आवाज बोलत असतो ना, ते काम. ऑनलाइन साइटवर क्लायंट काम टाकतो, आपण आपला रेट टाकायचा. पटला तर काम आपलं.

तीन वर्षांपूर्वी मी यात अगदी नवीन होते. मुलगी लहान, शाळेतली नोकरी सुटलेली. आवाज बरा आहे असं सगळे म्हणायचे, म्हणून माइक घेतला.

आरोग्याच्या व्हिडिओंचं एक काम दिसलं. मी सगळ्यात कमी रेट टाकला.
दहा मिनिटांत काम माझं. घरात पेढे आणले.

दुसऱ्या दिवशी क्लायंटने एक जुनी फाइल पाठवली. "असा आवाज हवा."
लावून ऐकली. बाई समोर बसून आपल्याशीच बोलतेय असं वाटत होतं. दिवसभर प्रयत्न केला. जमेना.

फाइलवर 'शालिनी' नाव होतं. साइटवर शोधलं, तर नागपूरच्याच निघाल्या. माझा नंबर देऊन मेसेज टाकला, "ताई, असं कसं वाचायचं, शिकवाल का?"

संध्याकाळी फोन आला.
"ते काम माझंच होतं बाई. मागचे सगळे व्हिडिओ मीच केले. कितीत घेतलं तू?"
मी आकडा सांगितला.
मला वाटलं, आता फोन ठेवतील.
मग म्हणाल्या, "रविवारी घरी ये. जेवाले ये."

शिव्या खायच्या तयारीनेच मी बसमध्ये बसले.

ताईंनी आधी जेवू घातलं.
वय पन्नाशीच्या पुढे. वस्तीतल्या बुद्धविहारात वर्षानुवर्षं कार्यक्रमांचं सूत्रसंचालन केलेलं. मिस्टर गेल्यावर कॉम्प्युटर शिकल्या आणि सामानाच्या खोलीत भिंतींना गाद्या लावून स्टुडिओ केला.

मे महिना. कूलर बंद, कारण कूलरचा आवाज रेकॉर्ड होतो. दोघी घामाने निथळत होतो आणि ताई एकच पान माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेत होत्या.

शेवटी मीच विचारलं, "ताई, राग नाही आला माझा?"
"आला ना. काहून नाही येणार? पण तुले रेटच माहीत नाही, तर तुझ्यावर रागावून काय करू? सांग, एका व्हिडिओले किती वेळ लागते?"
"वाचायला वीस मिनिटं."
"अन् चुकलं ते पुन्हा वाचाले? आवाज साफ कराले? क्लायंट बदल सांगते ते? तू फक्त वाचायचे पैसे मांगून राहिली वं. बाकीचं काम कोण करते?"

मग ताईंनी स्वतःचा रेट सांगितला. मी तो वहीत लिहून घेतला.

ते काम मी नीट पूर्ण केलं. कंपनी खूश झाली. आणखी तीस व्हिडिओ देते म्हणाली, त्याच रेटमध्ये.
मला गरज होती. खोटं कशाला बोलू?

ताईंना विचारलं. म्हणाल्या, "मी नाही सांगत. तूच ठरव."

मी ताईंचा रेट टाइप केला. पाठवून दिला.
कंपनी नाही म्हणाली. मग त्यांनी ताईंनाच विचारलं, पारशिवनीच्या मॅडमच्या जुन्या रेटमध्ये कराल का?
ताईंनी लिहिलं, "त्यांचा आणि माझा रेट आता एकच आहे."

काम दोघींनाही मिळालं नाही.

पुढचे दोन महिने वाईट गेले. सासूबाईंनी विचारलंच, "आलेलं काम काहून सोडलं वं?"

ताई रोज फोन करायच्या. साइटवरची कामं मला वाचून दाखवायला लावायच्या.
"किती शब्द, ते लिहिलं का? आवाज कुठं वापरणार, लिहिलं का? अख्खी स्क्रिप्ट सॅम्पल म्हणून फुकट मांगते? सोड त्याले."

मग एका क्लायंटला दोन बायकांचा संवाद हवा होता. शेती करणाऱ्या बायकांसाठीचा कोर्स. ताईंनी दोघींची नावं टाकली.
कॉलवर साहेब म्हणाले, "मॅडम, नागपूरकडे तर रेट कमी असतो ना?"

ताई शांतपणे म्हणाल्या, "सर, घसा इकडंही तेवढाच दुखतो."

साहेब हसले. आणि तयार झाले.
करारात एक ओळ होती, की हा आवाज मशीनला आमच्यासारखं बोलायला शिकवण्यासाठी वापरता येईल. ताईंनी ती ओळ काढायला लावली, मगच सही केली.
दोघींना सारखा रेट. पूर्ण रेट.
त्या दिवशी मी पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं, मी व्हॉइस आर्टिस्ट आहे.

माझ्यानंतर आणखी कितीजणी आल्या. नरखेडच्या एकीला तर ताईंनी सगळं फोनवरच शिकवलं. आज तिकडे त्या सगळ्या होत्या. सगळ्या स्वतःच्या रेटवर काम करणाऱ्या.

यंदा ताईंची किडनी गेली. डायलिसिस सुरू झालं.

मागच्या आठवड्यात जुन्या क्लायंटने त्यांना मोठं काम देऊ केलं. पण ताईंना दोन वाक्यांत दम लागत होता. त्यांनी माझं नाव कळवलं आणि तो मेसेज मला फॉरवर्ड केला.
त्यात माझा रेट त्यांच्या रेटपेक्षा जास्त लिहिला होता.

मी लगेच फोन केला. "ताई, चुकून जास्त लिहिलं तुम्ही."
"चुकून नाही लिहिलं."
"पण तुमच्यापेक्षा जास्त?"
"मी पन्नाशीत सुरू केलं. मांगाले भेत होती. तू काहून भेशील?"

परवा क्लायंटचा होकार आला. ताईंना फोनवर सांगितलं.
थांबत थांबत म्हणाल्या, "मग झालं. सोमवारी सुरू कर."

उद्या सोमवार आहे, ताई.
मी सुरू करतेय.

जयभीम.
तुमच्या सगळ्याजणींकडून तुम्हाला मानाचा निरोप.