खाणीखालचा ओहोळ

तलासरी ओलांडून अच्छाडच्या अलीकडे हायवे सोडला की एक दगडखाण लागायची. तिच्या पोटाशी एक ओहोळ होता. खाणीच्या खड्ड्यात साचलेलं पाणी पंपाने उपसून त्यातच सोडायचे. ओहोळाच्या वरच्या अंगाचं पाणी भरायचं, खाणीखालचं भरायचं आणि दोन्हींत काय फरक पडला ते प्रयोगशाळेतून लिहून द्यायचं, हे माझं काम. नोकरीची चार-पाच वर्षं मी ते केलं. काम तसं अवघड नव्हतं, तरी त्याने मी थकले.

माझ्याबरोबर आमचे सर असत. निवृत्तीला आलेले केमिस्ट, गुडघ्यांनी बेजार. उतारावर ते नमुने ठेवायची बर्फाची पेटी माझ्याकडे द्यायचे आणि झाडांच्या खोडांना धरत मागून यायचे. तपासणीचे पैसे खाणवालेच देत, म्हणून जायच्या आधी त्यांना फोन करायचा अशी पद्धत होती. आम्ही पोहोचायचो तेव्हा पंप बंद असायचा. मॅनेजर चहा मागवायचा आणि गुजराती मिसळून म्हणायचा, "पाणी एकदम चोख्खं छे, मॅडम. बघून घ्या."

पाणी खरंच बरं असायचं. अहवालही बरा यायचा.

खाली पाड्यावरची एक मावशी त्याच पाण्यावर कपडे धुवायला, गुरांना पाजायला यायची. एकदा मी वाकून बाटली भरत होते, तेव्हा ती म्हणाली, "बाय, तुम्ही रोज या."

"का गं मावशी?"

"तुम्ही येता त्या दिशी पाणी चांगलं ऱ्हातं."

सर ऐकत होते. आम्हा दोघांना ते ठाऊक होतंच, फक्त आमच्यात तोवर कोणी ते तोंडातून काढलं नव्हतं. परतीच्या वाटेवर गाडीत ते म्हणाले, "पुढच्या वेळी फोन करू नका."

पुढच्या वेळी आम्ही ऑफिसची गाडी घेतली नाही. तलासरीहून शेअरची इको व्हॅन धरली, हायवेला उतरलो आणि पाड्याच्या बाजूने चालत ओहोळावर गेलो. पंपाचा आवाज लांबूनच येत होता. पाणी तांदळाच्या धुवणासारखं, पण राखाडी. काठच्या दगडांवर भुकटीचा थर बसलेला. मी बोटाने पुसला, तर खाली शेवाळ मेलेलं. तिथेच धुणं धुणाऱ्या मावशीने लुगड्याचा पदर दाखवला. धुऊन वाळवलेला, तरी भुकटीने खरखरीत.

"खेकडे होते हितं," ती म्हणाली. "पोरं दगड उचलून धरायची. आता नाय."

आम्ही बाटल्या भरल्या. सर पाण्यात उभं राहून पाण्यातला ऑक्सिजन मोजायच्या बाटलीत औषध घालत असताना मॅनेजर मोटारसायकलवर आला. या खेपेला चहाचं नाव नव्हतं.

"सर, फोन तरी करायचा. आम्ही काय परके आहोत?"

"परके नाही," सर म्हणाले. "म्हणून तर न विचारता आलो."

तो हसला नाही. ओहोळाकडे बघत हळू आवाजात म्हणाला, "मला पण नोकरी आहे." मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. पाय पाण्यात गार पडले होते आणि चढण अजून बाकी होती.

प्रयोगशाळेत ते पाणी गाळताना गाळणकागद लगेच तुंबला. आमच्या मालकांनी अहवाल वाचला आणि सरांना बोलावलं. ठरलेल्या दिवसाचा नमुना नाही, तो कशाला जोडायचा, असं त्यांचं म्हणणं. सर खुर्चीवर बसले नाहीत. "मग माझी सही नको," एवढंच म्हणाले. मालक बराच वेळ कागद उलटसुलट करत राहिले. शेवटी तो नमुना अहवालात गेला. पुढच्या हंगामात खाणीचं काम दुसऱ्या प्रयोगशाळेला गेलं. आम्हाला कोणी काही बोललं नाही. सर त्याच वर्षी निवृत्त झाले. मीही नंतर नोकरी सोडली.

२०१९ मध्ये आशागडला एका नातेवाइकाकडे गेले होते, तिथून तलासरीची एसटी पकडली. का ते नीट सांगता येणार नाही. मावशी ओहोळावरच भेटली, केस पिकलेले. तिने ओळखलं.

खाणीने गाळ बसवायला दोन खड्डे खणले होते. पाणी आता त्यांतून सुटायचं. उन्हाळ्यात बरं असतं, ती म्हणाली. पावसात खड्ड्यांचे बांध फुटतात आणि सगळा गाळ एकदम खाली येतो.

"खेकडे?"

"वरच्या अंगाला हायत. हितं नाय आले अजून." मग तिने विचारलं, "बाय, प्यायला चालंल का आता?"

इतकी वर्षं मी हे पाणी तपासलं होतं आणि तिला हो म्हणण्याइतकं काही माझ्याकडे नव्हतं. "हापशीचंच पी, मावशी," मी म्हटलं.

"हापशी लांब हाय."

"माहीत आहे."

तिने धुतलेले कपडे पिळून टोपलीत टाकले. चढणीवर टोपलीची एक कड तिने धरली, एक मी. मधे दोनदा थांबून आम्ही दम घेतला. पाड्यावर पोहोचल्यावर तिने मला ओट्यावर बसवलं आणि हापशीवरून आणलेल्या हंड्यातलं पाणी दिलं. मी तोंड न लावता अर्धाच तांब्या प्यायले, इतक्या लांबून आणलेलं उरलेलं पाणी परत हंड्यात ओतलं.