हजेरीचा कागद

दिल्लीत आर. के. पुरमच्या मागच्या वस्तीत आमच्या संस्थेच्या ताई बायकांची बैठक घ्यायच्या. मी टिपणं लिहायचे. तिथे त्या कुणाकडे पाणीसुद्धा पीत नसत. "एकीच्या घरी प्यायले की दुसरी रुसते, यार." हजेरीच्या सहीसाठी मात्र हटून बसायच्या.

एकदा वस्ती हटवणाऱ्या खात्याचा एक साहेब, ताईंनीच त्याच्या ऑफिसात जमा केलेला हजेरीचा कागद घेऊन बैठकीत आला. सह्यांच्या वरच्या कोऱ्या जागेत कुणीतरी लिहिलं होतं : घरं सोडायला आमची संमती आहे.

"सब राज़ी हैं," साहेब म्हणाला.

"बघू," म्हणत ताईंनी कागद घेतला, वाचला, चार घड्या घातल्या आणि तोंडात टाकला. त्या चावत राहिल्या. साहेब तोंड उघडं टाकून उभा.

कसाबसा गिळून ताई बायकांकडे वळल्या.

"पानी देना. कोई भी."