दोन काठांची वाकळ

फेब्रुवारी १९८६. सकाळचे पावणेसात. येरमाळ्यात कडूबाई ओसरीवर वाकळ पसरून बसली आहे आणि सुई तिनं डाव्या हातात धरली आहे. टाका पडतो, पण कुठं पडेल याचा नेम नाही. चार टाके घालायचे, तीन उसवायचे, असं रविवारपासून चाललं आहे. सुई बोटात गेली तरी ती हात मागं घेत नाही. रक्ताचा थेंब लुगड्याला पुसते आणि पुढचा टाका घालते.

तिचा उजवा हात धड आहे. त्या हातानं तिनं निम्म्या गावाच्या वाकळा शिवल्या. मात्र इथं वाकळेला दोघी बसतात, समोरासमोर, एक या काठाला, दुसरी त्या काठाला, आणि दोरे घालत मधोमध येतात. कडूबाईसमोर बसायची ती बौद्धवाड्यातली चांगुणा. बहात्तरच्या दुष्काळात दोघी एकाच ढिगावर खडी फोडत होत्या. काम सुटलं, तरी शेजारी बसायची सवय राहिली. कडूबाईच्या सासूनं चांगुणाला वर्षभर ओसरीच्या पायरीवरच बसवलं. पण पायरीवरून वाकळेच्या मध्यापर्यंत हात पोचेना, तेव्हा म्हातारीनं मुकाट्यानं तिला वर घेतलं.

चांगुणा डावखुरी. कडूबाईचा टाका एकीकडं कलतो, तिचा दुसरीकडं. मधोमध दोन्ही कल भेटले की गव्हाच्या ओंबीसारखी रेघ उठते. गावात त्या रेघेला नाव नव्हतं.

महिलांच्या सहकारी संस्थेत पुण्याच्या एक कलाशिक्षिका आल्या, त्यांनी ती रेघ बोटानं चाचपली. हे डिझाइन आहे, असं त्या म्हणाल्या. वाकळ प्रदर्शनात भिंतीवर टांगायचं ठरलं. चिठ्ठीवर कलाकाराचं नाव काय घालायचं, असं विचारल्यावर कडूबाईनं स्वतःचं सांगितलं. त्यात कपट नव्हतं. वाकळ ज्या घरच्या लुगड्यांची, त्या घराच्या नावानं ओळखायची, ही रीत. शिवणारीला चहा मिळतो. या वाकळेतली लुगडी कडूबाईच्या सासूची होती.

वाकळेला बक्षीस मिळालं. काचेत मढवलेला, एकट्या कडूबाईच्या नावाचा कागद संस्थेच्या भिंतीवर लागला. चांगुणाच्या लेकीनं तो आईला वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी चांगुणा आली, हातातली वाकळ पुरी केली, सुई काठाला टोचून ठेवली आणि गेली. मग आली नाही.

इकडं संस्थेकडं तसल्याच वाकळांची मागणी आली. कडूबाई चिटणीस सत्यभामाबाईंकडं गेली आणि नावाची दुरुस्ती करा म्हणाली.

"दोन नावं कळवली तर प्रदर्शनवाले विचारतील, डिझाइन नेमकं कुणाचं?" सत्यभामाबाई म्हणाल्या. "काय सांगू?"

"कुणाचंच न्हाय. ती डावखुरी हाय."

"हे कळवू?"

पुढच्या प्रदर्शनाला बघू, असं सांगून सत्यभामाबाईंनी विषय मिटवला.

रविवारी कडूबाई बौद्धवाड्यात गेली. चांगुणा दारात बसून टोपलीचा काठ चिंध्यांनी बांधत होती. तिनं पोतं अंथरलं, पाणी दिलं. कडूबाई पाणी प्यायली आणि पुढच्या वाकळेवर तुझं नाव पहिलं घालू, असं म्हणाली.

"लुगडी कुणाची?" चांगुणानं विचारलं.

"माझ्याच घरची."

"मग नाव तुमचंच ऱ्हाऊ द्या, आक्का. रीत हाय."

"तुझ्या घरच्या लुगड्यांची शिवू."

"माझ्या घरात लुगडं वाकळंपतुर उरत न्हाय. अंगावरच संपतं."

कडूबाईनं पाण्याचा तांब्या बाजूला सारला. मग म्हणाली, "तुझ्याबिगर ती रेघ येत न्हाय."

"मग सांगा त्यांला," चांगुणा गाठ आवळत म्हणाली, "निम्मा कलाकार टोपली घिऊन मातीच्या कामावर गेला."

आत तिची लेक हसली. कडूबाईनंही हसायला हवं होतं. ती उठली आणि घरी आली.

आता ऊन ओसरीवर आलं आहे. तिनं वाकळ फिरवून पाहिली. फिरवली तरी उजव्या हाताचा टाका त्याच बाजूला कलतो. हे तिला ठाऊक होतंच. डाव्या हाताचे सगळे टाके तिनं उसवले, दोरा गुंडाळून बाजूला ठेवला, सुई उजव्या हातात घेतली आणि समोरच्या काठाला जाऊन बसली. त्या जागेवरून रस्ता दिसत नाही, परड्याची भिंत दिसते. बारा-तेरा वर्षांत ती त्या बाजूला कधी बसली नव्हती. हात चालू लागला. वाकळ चांगली होईल, ऊबदार होईल. मधोमध रेघ येणार नाही.

वाकळ न्यायला संस्थेची जीप उद्या अकराला येईल. चांगुणा तेव्हा पाझर तलावाच्या भरावावर असेल. तिथली हजेरी आठला होते.