हायड्रोजनची भट्टी आणि बारा डबे

भित्र्या माणसाकडे किस्से फार साठतात. शूर माणूस पुढे निघून जातो, आम्ही मागे वळून बघत बसतो!

पन्नासच्या दशकात मी कुंभकोणात सेतूरावांच्या कारखान्यात भट्टीवर होतो. बेंगळूरच्या एका प्रयोगशाळेने निकल-लोखंडाचा परदेशी पत्रा दिलेला. त्याचे बारा डबे करायचे, ॲम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरवर बसवायला. मग बाहेरचं चुंबकत्व आत शिरत नाही. एक जरी डबा बिघडला तरी सगळी ऑर्डर परत, आणि कारखान्याला टाळं. मला दोन मुली. अन्न गोड लागत नव्हतं.

*

डबे हायड्रोजनमध्ये लाल होईपर्यंत तापवायचे. त्याआधी भट्टीतला थोडा गॅस नळीत धरून ज्योतीला लावायचा. हळूच 'फुप्' झालं तर ठीक. 'भॉक्' झालं की आत हवा राहिलीय, भट्टी उडणार!

"भुंकली की पळा, मला विचारत बसू नका," सेतूराव बजावायचे.

एका सकाळी भुंकली. आम्ही जीव मुठीत धरून कावेरीच्या घाटापर्यंत पळालो, तर सेतूराव आधीच पायरीवर बसलेले!

"मी कुणाला विचारलं नाही," म्हणाले.

*

भट्टीतून निघालेल्या डब्याची भीती वेगळी. नुसता ठोका बसला तरी चुंबकत्व अडवायचा गुण जातो, केलेलं सगळं पाण्यात. उशीवर ठेवून न्यायचो. एकदा भट्टीवरच्या आमच्या पट्टाभीला शिंक आली. त्याने उशी माझ्या हातात दिली, गावाबाहेर साक्कोट्टैच्या रस्त्यापर्यंत धावत गेला आणि तिथे शिंकून आला.

*

गोठवणाऱ्या थंडीत धातूचा गुण टिकतो का, ते बघायला प्रयोगशाळेच्या साहेबांनी द्रव नायट्रोजनचा थर्मास आणला.

"थंडच ना, सार? मग भ्यायचं काय!" पट्टाभी म्हणाला.

साहेबांनी त्याच्याच पानाच्या डब्यातलं विड्याचं पान आत बुडवलं आणि चिमट्याने दाबलं. पापडासारखा चुरा! पट्टाभीचे हात जे काखेत गेले, ते जेवण वाढलं तरी बाहेर येईनात. मी हसलो नाही. माझेही तिथेच होते.

*

डबे न्यायला साहेब आले. तपासणी झाली, बाराही उत्तम. खोक्यावर त्यांनी स्वतः तांबड्या शाईत लिहिलं, 'ठोकू नये', आणि माल पसंत असल्याच्या कागदावर सहीला बसले.

पण साहेब जन्माने कुंभकोणचे, वडील पितळेच्या भांड्यांचे व्यापारी. इथल्या माणसाच्या हातात भांडं आलं की तो बोटाच्या पेराने वाजवून बघतोच. सही करता करता साहेबांनी कौतुकाने एक डबा उचलला आणि...

टण्!

पट्टाभी मटकन खाली बसला. साहेबांचा चेहरा पांढराफटक. सही अर्धीच झालेली.

सेतूरावांनी दौत पुढे सरकवली.

"सार, नाद कसा आहे?"